ध्वनिशंका : कागदी कोन खरंच कमी प्रतीचा असतो का?

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत: स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, कशाचा आहे, त्यावरून किंमत लावली जाते, ते कितपत खरं? म्हणून अॅम्प्लिफायरचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, साताऱ्यात माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. जळलेली कॉइल, फाटलेला कोन काढून नवा बसवणं, म्हणजे रिकोनिंग, हे काम मी वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आजही तेच करते.

प्रश्न : घरी गाणी ऐकायला बुकशेल्फ स्पीकरची जोडी घ्यायची आहे. दुकानात दोन जोड्या ऐकल्या. एकीचा कोन साध्या काळ्या कागदाचा, दुसरीचा विणलेल्या कार्बन फायबरचा आणि किंमत जवळपास दुप्पट. विक्रेता म्हणाला, "कागद आता जुना झाला सर, त्याचा आवाज दबका येतो. फायबर ताठ असतो म्हणून स्वच्छ वाजतो." मला ऐकताना कागदी जोडी जास्त गोड वाटली होती. आता मन डळमळलं आहे.
— एक माध्यमिक शिक्षक, नाशिक

सर, कानांनी जे सांगितलं ते इतक्यात मोडीत काढू नका. विक्रेत्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि तेवढ्यावरच बाकीचं खपून जातं, म्हणून ते सुटं करून पाहू.

मॅग्नेटच्या गॅपमध्ये व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, पुढेमागे होते, ती कोनला ढकलते आणि कोन हवेला ढकलतो. कॉइल हलेल तसा कोन अख्खा एकदम हलावा आणि ती थांबली की त्यानेही थांबावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यासाठी कोन ताठ हवा, हलका हवा आणि स्वतःच्या अंगातलं कंपन त्याने चटकन जिरवलं पाहिजे. जाहिरातीत पहिल्या दोन गुणांचा गजर असतो. तिसऱ्याचं नाव क्वचितच निघतं आणि कानाला त्रास होतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याच्या अभावाने.

कुठलाही कोन एका मर्यादेपर्यंतच एकसंध हलतो. फ्रिक्वेन्सी त्यापुढे गेली की मधला भाग पुढे जात असताना कडेचा भाग मागे यायला लागतो, कोनच्या अंगावर लाटा उठतात. आमच्या धंद्यात याला ब्रेकअप म्हणतात. साधारण साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) घेतला, तर कागदाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा कोन हजार-दोन हजार हर्ट्झच्या आसपास असा वागू लागतो, पण हळूहळू, फार गाजावाजा न करता. अल्युमिनियमचा कोन चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत अतिशय शिस्तीत राहतो आणि मग एकाच जागी जोरात किणकिणतो. आलेखावर तिथे दहा-दहा डेसिबलचं टोक उभं राहिलेलं दिसतं.

तबला ऐकणाऱ्यांना हे लगेच उमगेल. पुडीवरच्या शाईमुळे चामड्याची विस्कळीत कंपनं सुरेल पटींमध्ये कशी येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं. तबल्यात शाई चढवतात ती चामड्याला स्वतःचा स्वर मिळावा म्हणून. कोनला लेप देतात तो नेमक्या उलट कारणासाठी. कोनला स्वतःचा स्वर असताच कामा नये. कोन गायला लागला, की तो लताबाईंच्या आवाजातही तीच एक किणकिण मिसळणार आणि सनईतही तीच मिसळणार.

आता ताठपणाचं. धातूचा ताठपणा त्याच्या वजनाशी ताडून पाहायचा, तर त्या धातूतून आवाज किती वेगाने जातो हे पाहतात. अल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि साधं पोलाद या चारही धातूंच्या सळीत हा वेग सेकंदाला साधारण ५,००० मीटर निघतो. म्हणजे वजनाच्या हिशेबात टायटॅनियम हे अल्युमिनियमपेक्षा जास्त ताठ नाही. तरी 'टायटॅनियम डोम' (डोम म्हणजे वरच्या स्वरांसाठीचा घुमटासारखा पडदा) एवढ्या दोन शब्दांवर किंमत चढते. खरा वेगळा धातू बेरिलियम. त्यात हा वेग १२,००० मीटरच्याही वर जातो. यामाहाने १९७४ साली एनएस-१०००एम या स्पीकरमध्ये बेरिलियमचे डोम वापरले आणि ते काम खरोखर थोर होतं. (बेरिलियमची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते. असा डोम फुटलेला दिसला तर हात लावू नका, घासू तर मुळीच नका. दुरुस्तीवाल्या मुलांना हे कोणीतरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहिते.)

मग कागद या रांगेत कुठे बसतो? अल्युमिनियम कागदापेक्षा वीस-तीस पट ताठ असतं, पण चार-पाच पट जडही असतं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. तेवढ्याच वजनात कागद चौपट जाड ठेवता आला, की या एका जाडीमुळे चौसष्ट पट फायदा मिळतो. वीस-तीस पटींची उणीव त्यात भरून निघते आणि वर थोडं उरतं. शिवाय लगद्यातले तंतू एकमेकांवर घासून कंपन जिरवतात, तो तिसरा गुण कागदात उपजत असतो. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला तेव्हा कोन कागदाचाच होता. शंभर वर्षं झाली. माझ्याकडे मंडळांचे पंधरा-अठरा इंची वूफर रिकोनिंगला येतात, हजार-हजार वॅट खाणारे, आणि त्यांचे कोन जवळपास सगळे कागदीच असतात. ज्याला रात्रभर मार खायचा आहे, त्याला कागद चालतो. मग दिवाणखान्यात हळू आवाजात भीमसेनजी ऐकायला तो कमी कसा पडेल?

कागदाला दोष आहेत, तेही सांगते. लगद्याचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा निघतो आणि दमट हवेत कागद ओलावा धरतो. पहिल्या दोषाने बीबीसीला छळलं. त्यांना एका स्टुडिओतला मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर, दुसऱ्या स्टुडिओतल्या मॉनिटरसारखाच वाजायला हवा होता, म्हणून १९६० च्या दशकात त्यांच्या संशोधन विभागाने बेक्स्ट्रीन नावाचं प्लास्टिक निवडलं. प्रसिद्ध एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचा वूफर बेक्स्ट्रीनचाच. पण बेक्स्ट्रीन वाजतं, त्याला जाड लेप द्यावा लागतो, त्याने वजन वाढतं आणि तेवढ्याच वॅटमध्ये आवाज कमी निघतो. मग त्याच विभागातल्या डडली हारवूड यांनी पॉलिप्रॉपिलीनचा कोन बनवला. हलका, कंपन आपसूक जिरवणारा, प्रत्येक नग सारखा. त्यांनी १९७७ साली हारबेथ ही कंपनी काढली ती याच कोनच्या जोरावर. पॉलिप्रॉपिलीनची अडचण दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे: त्याला साधा गोंद धरत नाही, आधी प्रायमर लावावा लागतो. बघा, इथे प्रत्येक पदार्थ कुठल्यातरी ठरावीक अडचणीवर उत्तर म्हणून आला आणि येताना स्वतःची अडचण घेऊन आला.

विणलेल्या कोनचंही तसंच. 'बुलेटप्रूफ जाकिटाचं कापड' म्हणून केव्हलार विकतात, पण गोळी अडवायला लागते ती ताणशक्ती. कोनला तिचा काही उपयोग नाही. ब्रिटनच्या बोवर्स अँड विल्किन्सने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पिवळा केव्हलार वापरला, त्यामागचा विचार फार चांगला होता: विणीमुळे कोन सगळीकडे सारखा लवत नाही, म्हणून त्याच्या अंगावरच्या लाटा एका ठेक्यात जमत नाहीत, विखुरतात. म्हणजे केव्हलार घेतला तो त्याच्या नियंत्रित लवण्यासाठी. दुकानात मात्र ताठपणाच्या नावाने खपला. २०१५ साली त्याच कंपनीने आपल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतून केव्हलार काढून दुसरं विणलेलं कापड आणलं. एवढी वर्षं ज्याला सर्वोत्तम म्हटलं, त्याहून चांगलं सापडलं, यात वावगं काही नाही. पण सर्वोत्तम पदार्थ असा एकच कुठला नसतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता तुमच्या निवडीला सगळ्यात उपयोगी पडेल अशी गोष्ट. ताठ कोनचं ते किणकिणीचं टोक क्रॉसओव्हरने, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटर या छोट्या स्पीकरला वाटून देणाऱ्या सर्किटने, झाकावं लागतं. चांगला उत्पादक वूफरला दोन हजार हर्ट्झच्या आसपास तोडतो, टोकासाठी वेगळा फिल्टर लावतो. एवढं करूनही सोळाशे हर्ट्झच्या स्वराची तिसरी पट पाच हजारांच्या जवळ पडते आणि कॉइल-मॅग्नेटमधून येणारी ती विकृती त्या टोकावर जाऊन फुगते. म्हणून त्याला मोटर, म्हणजे कॉइल आणि मॅग्नेट, हीही चांगली घ्यावी लागते. हे सगळं केलं तर धातूचा किंवा कार्बनचा कोन फार सुंदर वाजतो, मी असे स्पीकर मन लावून ऐकले आहेत. पण स्वस्तातल्या खोक्यात क्रॉसओव्हर म्हणजे बऱ्याचदा ट्वीटरला लावलेला एक कपॅसिटर, बस्स. वूफर थेट जोडलेला. अशा खोक्यात ताठ कोन उघडाच किणकिणतो आणि कागद स्वतःला सांभाळून घेतो. त्या दरात तुम्हाला कागदी जोडी गोड वाटली याचं कारण बहुधा हेच.

आणि एक पाहून घ्या. खालच्या दरातले 'कार्बन फायबर' कोन मी काढते, तेव्हा पाठीमागून कित्येकदा साधा कागद किंवा साधं प्लास्टिक निघतं. पुढच्या बाजूला विणीचं चित्र छापलेलं किंवा ठशाने उठवलेलं असतं. पोर्टमधून, म्हणजे पेटीला ठेवलेल्या भोकातून, टॉर्च मारून कोनची मागची बाजू बघा. खरी वीण दोन्हीकडून दिसते. नसेल दिसत तर विक्रेत्याला तिथेच शांतपणे विचारा.

यामाहाचाच दुसरा दाखला देऊन थांबते. १९७८ साली आलेला एनएस-१०एम, पांढऱ्या कागदी कोनचा. कोन साच्यात दाबून केलेला नव्हता, कागदाचा ताव गुंडाळून कडेला चिकटवलेला होता, जोड डोळ्यांना दिसतो. घरगुती स्पीकर म्हणून तो फारसा चालला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी तो उचलला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली मोजमापं करून सांगितलं की त्याचा आलेख सपाट नाही, पण सूर थांबला की तो फार लवकर गप्प होतो. बंद पेटी आणि हा कोन, दोन्हींचा त्यात वाटा. एकाच कंपनीने चार वर्षांच्या अंतराने जगातला अतिशय महागडा धातूही वापरला आणि कागदाचा तावही, आणि दोन्ही स्पीकर इतिहासात राहिले.

प्रश्न : बाबांचे तीस वर्षांपूर्वीचे स्पीकर माळ्यावरून काढले. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच चुरा होऊन पडला. इथला दुकानदार म्हणतो, कोकणातल्या हवेत कागदी कोन टिकत नाही, दोन्ही काढून प्लास्टिकचे बसवू. बाबांना त्यांचा जुनाच आवाज परत हवा आहे.
— एक वाचक, मालवण

ताई, आधी बाबांना सांगा की आवाज परत मिळण्याची शक्यता खूप चांगली आहे.

चुरा झाला तो पॉलियुरेथेनचा फोम, म्हणजे सराउंड. हवेतल्या ओलाव्याने त्या फोमचे रेणू तुटत जातात. स्पीकर वाजवा की माळ्यावर ठेवा, दहा-पंधरा वर्षांत तो जातोच आणि समुद्राकाठी आणखी लवकर. यात कागदाचा काही दोष नाही. कोनला बोटाने हळूच टिचकी मारून पाहा. कोरडा, टणक आवाज आला आणि कुठे बुरशी किंवा भेग नसली, तर कोन शाबूत आहे.

तो बदलू नका, कारण पेटीचं आकारमान, पोर्टची लांबी आणि क्रॉसओव्हर हे तिघं त्या कोनच्या वजनावर बेतलेले असतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी हा हिशेब इतका पक्का बांधून दिला की आजही सगळं जग त्यांच्याच नावाचे आकडे वापरतं. प्लास्टिकचा जड कोन घातला की वूफरची स्वतःची फ्रिक्वेन्सी खाली येते, आवाज कमी होतो, ट्वीटर पुढे आल्यासारखा वाटतो. बाबा म्हणतील, हे माझे स्पीकर नव्हेत, आणि त्यांचं बरोबर असेल.

फक्त सराउंड बदलून घ्या. बाहेरचा व्यास, कोनच्या कडेचा व्यास आणि वळीची रुंदी ही तिन्ही मापं घेऊन फोमच मागवा. कोकणात राहणार म्हणून रबर घालायचा मोह होईल. मऊ, हलकं रबर मिळालं तर हरकत नाही, पण बाजारात सहज मिळतं ते जाड आणि आखडलेलं, त्याने खर्जाचे स्वर आक्रसतात. दुकानदाराला दोन गोष्टी आवर्जून सांगा. जुना गोंद कोनवरून खरवडून काढू नका, मऊ करून हाताने सोलून काढा. आणि नवा सराउंड चिकटवताना डस्ट कॅप, म्हणजे कोनच्या मधली टोपी, उघडून कॉइलभोवती पट्ट्या घाला. आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मच्या कापून वापरतो. त्यामुळे गोंद वाळेपर्यंत कॉइल गॅपच्या बरोबर मध्ये राहते. काम झाल्यावर मोबाइलवरून तीस हर्ट्झचा सूर हळू आवाजात सोडा आणि कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइल घासते आहे, तसा स्पीकर ताब्यात घेऊ नका.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या मुलांनी वर्गणी काढून एक पार्टी स्पीकर ठरवला आहे. खोक्यावर '१०,००० वॅट पीएमपीओ' आणि 'ग्राफीन कोन' लिहिलं आहे. घ्यावा का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

पैसे देण्याआधी मागचं लेबल वाचा किंवा अडॅप्टर हातात घ्या. त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपियर असं लिहिलेलं असेल, तर आत जाणारी वीज १२ गुणिले ३, म्हणजे ३६ वॅट. आतला अॅम्प्लिफायर कितीही कार्यक्षम असला, तरी बाहेर सलग तीस-बत्तीस वॅटच निघणार. बॅटरी किंवा कपॅसिटर क्षणभर जास्त देतील, पण १०,००० वॅट? घरातल्या सहा अँपियरच्या प्लगमधून सगळं मिळून १,३८० वॅट येतात. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा, मोजायची कुठली सर्वमान्य पद्धतच नाही, ज्याला हवा तो आकडा तो छापतो. आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा मागा आणि तो अडॅप्टरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तोही खोटा समजा.

वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी पाहा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतात, तो आकडा. ८८ ऐवजी ९४ डेसिबलचा स्पीकर असला तर त्याला तेवढ्याच आवाजाला एक चतुर्थांश वीज पुरते. ग्राफीनबद्दल (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) एवढंच विचारा की कोनमध्ये वजनाच्या किती टक्के ग्राफीन आहे. उत्तर मिळालं तर मला कळवा. वर्गणीचे पैसे आहेत, अनेक घरांतून आलेले. त्याच किमतीत एखादा जुना पण चांगल्या अवस्थेतला बारा इंची टू-वे (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेला) स्पीकर आणि प्रामाणिक आकड्यांचा अॅम्प्लिफायर मिळतो. सोलापुरात जिथे मंडळांची साउंड सिस्टिम दुरुस्त होते, तिथे चौकशी करा.

प्रश्न : तुम्ही जाहिरातींवर टीका करता, पण मी चाळीस हजारांची स्पीकर केबल घेतल्यावर फरक स्पष्ट ऐकला आहे. घरातल्या सगळ्यांनी ऐकला. मग तो काय भास होता?
— एक वाचक, पुणे

तुम्ही खोटं सांगता आहात असं माझ्या मनातही नाही. फरक तुम्हाला जाणवला. प्रश्न फक्त एवढाच की तो तारेतून आला की तार दिसत असल्यामुळे आला.

आधी हिशेब. घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. स्पीकर चार मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. एकूण रोध सुमारे ०.०६ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे यामुळे होणारी घट डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. याहून महाग तार यातलं फार तर थोडं वाचवेल. जे गेलेलंच नाही ते ती कुठून परत आणणार?

आता कानांचं. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये कित्येक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नंतर ते हर्मन कंपनीत गेले आणि १९९४ साली त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपनीतल्याच चाळीस जणांनी चार स्पीकर एकदा पाहून आणि एकदा न पाहता ऐकले. पाहून ऐकताना दिलेले गुण मोठ्या, दिमाखदार स्पीकरांकडे झुकले. न पाहता ऐकल्यावर ते अंतर आटलं. त्याहून महत्त्वाचं हे की स्पीकरची जागा बदलली किंवा गाणं बदललं की आवाजात खरोखर फरक पडतो आणि तो फरक लोकांना न पाहता नीट ऐकू आला, पाहताना तो बराचसा हरवला. म्हणजे डोळे नसलेलं ऐकवतात आणि असलेलं झाकतात. हे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच माणसांच्या बाबतीत घडलं. तेव्हा तुमच्या घरच्यांनी यात कमीपणा मानण्याचं काही कारण नाही.

घरी करून पाहायचं तर असं करा. जोडणाऱ्याने दुसऱ्या कोणालाही न सांगता तार बदलायची किंवा बदलल्याचं नाटक करायचं, काय करायचं ते नाणं उडवून ठरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. तो माणूस ऐकणाऱ्यांच्या समोर यायचा नाही, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं, कारण अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'मोकळा' आणि 'स्पष्ट' वाटतो. दोन अॅम्प्लिफायर किंवा दोन स्पीकर ताडून पाहताना आधी आवाज सारखे करून घ्या. अॅम्प्लिफायरला मल्टिमीटर पुरतो, स्पीकरला मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप आणि पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठी वापरतात ती एकसारखी खरखर. नाशिकच्या सरांनीही दुकानात दोन जोड्या पुन्हा ऐकताना हे करावं. कित्येक दुकानांत महागडी जोडी थोडी मोठ्याने लावलेली असते.

इतकं करून बहुतेक वेळा तुम्हाला तार ओळखता आली, तर मला जरूर लिहा, मी ते इथे छापायची विनंती करीन. तोपर्यंत ती केबल परत करता येत असेल तर परत करा.

प्रश्न : डोंबिवलीत आमची दहा बाय बाराची खोली आहे. कोन, वॅट, केबल काहीच पाहायचं नाही म्हटलं, तर पाहायचं काय?
— एक गृहिणी, डोंबिवली

खोली पाहा. बारा फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास लाट अडकून उभी राहते, स्पीकर पन्नास हजारांचा असो की पाच हजारांचा. कोपऱ्यात कोंबलेल्या स्पीकरमधून मृदंग एकसुरी घुमतो तो यामुळे. आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा, जाड पडदा आणि सतरंजी घाला. पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला असेल तर उत्तम. याला खर्च जवळजवळ नाही.

घेताना मोजमापांचा आलेख मागा. पुढून, बाजूने, वरून-खालून दहा-दहा अंशांवर मिळून सत्तर मोजमापं घ्यायची एक प्रमाण पद्धत आहे, काही उत्पादक ते आलेख प्रसिद्ध करतात. समोरची रेघ सपाट आणि बाजूची रेघ हळूहळू, न हिसकता उतरणारी असावी. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली दाखवलं की न पाहता ऐकणाऱ्यांची पसंती अशा आलेखांवरूनच बरीचशी आधी सांगता येते. त्यांच्या गणितात कोन कशाचा, हा रकानाच नाही. कागदाचं, धातूचं जे काही बरंवाईट असेल ते त्या रेघेत उतरलेलंच असतं. आलेख मिळाला नाही तर घरच्या एखाद्या माणसाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, सोबत तानपुरा आणि पेटीचं एखादं ध्वनिमुद्रण. माणसाचा आवाज पिंपातून आल्यासारखा किंवा नाकातून आल्यासारखा वाटला, तर तो स्पीकर तिथेच ठेवा. तानपुऱ्याच्या जवारीत एखादीच रेघ टोचत असेल तर कोन किंवा ट्वीटर वाजतो आहे.

प्रश्न : नवे स्पीकर कर्कश वाटतात. दुकानदार म्हणतो, दोनशे तास वाजवा, मग आवाज खुलेल.
— एक वाचक, म्हापसा, गोवा

नव्या वूफरचा स्पायडर, म्हणजे कॉइलला मध्यावर धरून ठेवणारी वळ्यांची कापडी चकती, सुरुवातीच्या काही तासांच्या वापरात थोडा सैल होतो, वूफरची फ्रिक्वेन्सी किंचित उतरते. हा बदल खर्जातला आहे. कर्कशपणा वरच्या पट्टीत असतो आणि तिथे दोनशे तासांनी बदलतो तो बहुधा आपला कान, त्याला त्या आवाजाची सवय होते. ट्वीटर कानाच्या रेषेतून थोडा वळवून पाहा, समोरच्या उघड्या काचेवर पडदा ओढून पाहा. फरक पडला नाही तर बिलावरची माल परत करण्याची तारीख बघा. रोज दोन तास ऐकलं तर दोनशे तासांना तीन महिन्यांहून अधिक लागतात आणि तोवर ती मुदत बहुतेक ठिकाणी उलटून जाते. या आठवड्यातच स्पीकर घेऊन दुकानात जा.